हिलाल आप्पांची खोट

हिलाल आप्पांविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. सांगायचं मात्र कधी टाळलं नाही. लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, सोसायटीच्या बाकावर आप्पांचे किस्से सांगून मी पुष्कळ हशा मिळवला आहे. एका ठिकाणापर्यंत यायचो आणि पाणी प्यायला उठायचो. आज उठणार नाही.

आप्पा कुठल्याही गोष्टीची ओळख तिच्या दोषापासून करून द्यायचे. गुजरातेत, डिंडोलीच्या घरी मी राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून सामान उतरत असतानाच एक उंच, वाळका माणूस पुढे आला आणि म्हणाला, "मी हिलाल. शेजारना. रातले भलता घोरस." एवढं बोलून ते निघून गेले. रात्री आमच्या दोघांच्या सामाईक भिंतीतून त्याचा पुरावा आला.

"पहिले खोट, मंग भाव," हे त्यांचं पालुपद. आमच्या खानदेशात खोट म्हणजे दोष, उणीव. पाहुण्यापुढे कप ठेवताना ते सांगायचे, "चहामा साखर कमी शे." आतून कमलाबाई, त्यांच्या पत्नी, ओरडायच्या की मग घाला ना साखर. आप्पांच्या मते साखर घालणं हा वेगळा विषय होता. सांगणं आधी.

जुनी सायकल विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाईकाला त्यांनी चेन, ब्रेक, घंटी असं सगळं इतक्या दुःखाने दाखवलं, की शेवटी तो माणूसच आप्पांची समजूत घालू लागला, की एवढी काही वाईट नाही हो सायकल. पुतण्याच्या लग्नात आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि पुतण्याच्या आळसापासून सुरुवात केली. माइक काढून घ्यावा लागला. वरची खोली भाड्याने द्यायची होती, तर येणाऱ्याला म्हणायचे की पाणी बारीक येतं, दुपारी पत्रा तापतो आणि तो समोर उभा आहे ना, तो सकाळी रेडिओ मोठ्याने लावतो. तो म्हणजे मी.

आम्ही दोघे पलसाण्याच्या एका साड्यांच्या प्रोसेस मिलमध्ये होतो. मी फोल्डिंग खात्याचा सुपरवायझर. आप्पा चेकर. रंगून, छापून आलेली साडी टेबलावर पसरायची, दोष दिसला की बाजूला काढायची, हे त्यांचं काम. त्यांच्या खिशात कायम एक ओला रुमाल असे. प्रत्येक नव्या मालावर तो घासून रंग सुटतो का ते पाहायचे. त्यामुळे त्यांचे सगळे रुमाल होळीतून परत आल्यासारखे दिसत.

बाजूला पडलेल्या साड्या मिल आम्हा कामगारांना स्वस्तात देई. आप्पा रविवारी त्या घराच्या ओट्यावर मांडून विकायचे. आता खरी गंमत ऐका. आप्पांचं गुजराती भाजीपुरतं आणि बसपुरतं होतं. गिऱ्हाईक बाया बहुतेक गुजराती. आप्पा प्रत्येक साडी उलगडून आधी गंभीरपणे सांगायचे, "बेन, आमां खोट छे." म्हणजे यात दोष आहे. पण गुजरातीत खोट म्हणजे तोटा. दोषाला तिथे म्हणतात खोड. बायांना वाटायचं, काका म्हणतात की या साडीत मला तोटा होतो आहे. आप्पा डाग शोधून त्यावर बोट ठेवीपर्यंत साडी पिशवीत गेलेली असायची. जितकी खोट सांगावी, तितकी झुंबड. आप्पा संध्याकाळी रिकाम्या ओट्यावर बसून मला म्हणायचे की भाऊ, लोक उगाच म्हणतात जमाना बिघडला. दोष सांगितला तरी माणसं घेतात.

मला गुजराती चांगलं येत होतं. मी त्यांना सांगितलं नाही. बाकी साऱ्या मिलला सांगितलं.

मग ती गोष्ट झाली. एका मोठ्या लॉटचा रंग कच्चा निघाला. आप्पांनी ओला रुमाल दाखवला, मी शेठच्या कानावर घातलं. शेठ म्हणाले, माल जाऊ दे. त्याच दुपारी व्यापारी माल पाहायला खात्यात आला. शेठ जरा दूर उभे होते. व्यापाऱ्याने साडी हातात घेतली आणि टेबलामागून आप्पा त्याला म्हणाले, "शेठ, आ मालमां खोट छे."

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. शेठनीही पाहिलं. माझ्या मुलाला ऑफिसात घ्यायचं त्यांनी नुकतंच कबूल केलं होतं. मी हसलो आणि व्यापाऱ्याला गुजरातीत म्हणालो, "आमचा चेकर भोळा आहे. म्हणतो, या भावात आमच्या शेठना खोट जाते." व्यापारी खूश झाला. त्याने मान डोलावली. आप्पांनीही डोलावली. त्यांना वाटलं, माणसाला कळलं.

पहिल्या धुण्यातच त्या साड्यांचा रंग गेला. व्यापारी गठ्ठे घेऊन परत आला आणि थेट आप्पांच्या टेबलापाशी उभा राहिला. आप्पा शांतपणे म्हणाले, मी सांगितलं होतं, खोट सांगितली होती. व्यापारी ओरडला, "खोट नहीं काका, खोड! खोड कहेवाय!" सगळं खातं हसलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी दोष सांगितला होता, अर्थ मी फिरवला, एवढंच मला बोलायचं होतं.

मी म्हणालो, "आप्पांचं गुजराती कच्चं आहे."

 आप्पा व्यापाऱ्याला हात जोडून म्हणाले, "चुकी मनी शे. मना शब्द चुकना." शेठनी त्यांना त्याच दिवशी कमी केलं. दोष लपवून माल दिला म्हणून. दोष लपवल्याबद्दल, आणि तेही हिलाल आप्पांना.

फाटकापाशी त्यांनी मला विचारलं, "भाऊ, खरा शब्द काय शे?" मी सांगितलं. बस उधन्यापर्यंत येईतो ते खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होते, खोड, खोड, खोड. कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला डास चावतात.

त्यानंतर आप्पा गुजराती शिकले. भाजीवाली, न्हावी, दवाखान्यातली नर्स, कोणालाही थांबवून शब्द विचारायचे. ओट्यावरची विक्री चालू ठेवली होती, डागी साड्या आता बाजारातून आणत. मात्र आता ते स्वच्छ गुजरातीत म्हणायचे, "बेन, आमां खोड छे." बाई साडी खाली ठेवायची आणि पुढे जायची. पुढच्या रविवारीही तेच. हळूहळू ओट्यावर साड्यांची चळत आणि आप्पा, एवढंच उरलं. तोवर कमलाबाई गेल्या होत्या. मी एकदा म्हटलं, आप्पा, जुनाच शब्द बरा होता. ते म्हणाले, "आते लोकेसले बरोबर समजस." आणि समाधानाने रिकाम्या गल्लीकडे पाहत बसले.

आमच्या बाकावर संध्याकाळी निवृत्त मंडळी जमतात आणि हल्ली नीती उरली का, हा विषय रोज निघतो. एकदा कोणीतरी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "नीती मी देखेल नही, भाऊ. ती कोठे मिळस?" सगळे हसले. मीही हसलो, आणि पाणी प्यायला उठलो.

माझ्या मुलाचं लग्न ठरत होतं. त्या मिलच्या ऑफिसात तो चांगला रुळला होता. मुलीकडची माणसं नवसारीची, खानदेशीच, पण मुलीचे मामा सगळं गुजरातीत बोलणारे. रीतीप्रमाणे ते शेजारी चौकशीला गेले, म्हणजे आप्पांकडे. माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. मी आप्पांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

आप्पांनी निराश केलं नाही. मुलगा उशिरा उठतो. पैसा हातात टिकत नाही. त्याच्या आईच्या हाताने मीठ जास्त पडतं. घराची मागची भिंत ओल धरते. मामा मान डोलवत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, आणि मुलाचे वडील?

आप्पा थांबले. दोष सांगताना थांबलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी दाराकडे पाहिलं. त्या दुपारी व्यापाऱ्याला मी ते शेठच्या तोट्याचं वाक्य त्यांच्या समोरच म्हटलं होतं. तेव्हा त्यांना ते कळलं नव्हतं. आता गुजराती येत होतं. ते वाक्य त्यांनी कधीच आठवून उलगडलं असणार, टेबलावर साडी उलगडावी तसं.

"एमनामां कोई खोड नथी," आप्पा म्हणाले. प्रत्येक अक्षर स्वच्छ. यांच्यात काही दोष नाही. आणि मामांना म्हणाले, चहा घ्या, साखर कमी आहे.

त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते एकच खोटं. ते माझ्यासाठी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेडिओ न लावताच त्यांच्याकडे गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी कप पुढे केला, साखरेचं सांगितलं. मी म्हणालो, आप्पा, ते मिलमधलं. ते म्हणाले, "पहिले चहा पी ले, भाऊ. थंडा व्हई जाई." मी चहा प्यालो. चहा संपेपर्यंत पावटा कसा महागलाय ते निघालं, आणि मी घरी आलो. पुढे रोज जात राहिलो. रोज आधी चहा यायचा.

मागच्या हिवाळ्यात आप्पा गेले. भिंतीतून आता काही ऐकू येत नाही. मी रेडिओ लावतो, मोठ्याने, आणि कोणीही कोणाला ते आधी सांगत नाही. बोलायचं होतं ते फार नव्हतं. एका घोटाइतकं होतं. आप्पा, शब्द तुमना चुकना नव्हता.