पाच वाजताची बेल

रविवारी संध्याकाळी पाचला बेल वाजली. दोनदा तुटक, मग एकदा लांब. सासूबाई आपल्या खोलीतून उठून आल्या आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पायरी रिकामी होती, फाटकाची कडी लावलेली तशीच होती. सासूबाई दोन पावलं बाजूला सरल्या, कुणाला तरी वाट द्यावी तशा. मग दार सताड उघडं टाकून स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यावर दोन कप काढले.

हे त्यांच्या मुलीनं पाहिलं आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. दोनदा तुटक आणि एकदा लांब अशी बेल या घरात एकच माणूस वाजवायचा. तिचे वडील. कारखान्यातून ते बरोबर पाचला यायचे. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

ती धावत गॅरेजपाशी गेली. तिचा नवरा, म्हणजे या घरचा जावई, शटर पाडून आत बसला होता. तो विमा कंपनीत कारकून होता आणि जन्मात त्याच्या हातून फायलींपलीकडे काही जोडलं गेलं नव्हतं. पण सासरे वेल्डर होते, आणि सासूबाईंना दारापुढे बसायला म्हणून करायला घेतलेला स्टीलचा बाक ते तीन पायांवरच सोडून गेले होते. चौथा पाय आपण जोडायचा, असं जावयानं मनाशी ठरवलं होतं. सासऱ्यांचं जुनं मशीन जळून गेलेलं, म्हणून महिन्याभरापूर्वी तो नवं बघायला दुकानात गेला.

दुकानदारानं टिग वेल्डिंगची तीन मशीनं पुढे मांडली. "हे सगळ्यात स्वस्त. पण यात टोक धातूला टेकवून ठिणगी काढावी लागते. नवखा माणूस असला की चिकटून बसतं."

"नवखाच आहे मी."

"मग हे मधलं घ्या. बटण दाबलं की ठिणगी आपोआप उडी मारते. आणि हे तिसरं अ‍ॅल्युमिनियमसुद्धा जोडतं."

"अ‍ॅल्युमिनियम नाही जोडायचं."

"आज नाही. पुढे कधी वाटलं तर?"

जावई पाऊण तास तिथं उभा राहिला. लग्नाला होकार द्यायला त्यानं याहून कमी वेळ घेतला होता. शेवटी सगळ्याच बाबतींत घेतो तसं त्यानं मधलं घेतलं.

"याचा आसपास जरा त्रास होतो हं," पावती फाडताना दुकानदार पुटपुटला.

"कुणाला?"

"तसा कुणाला नाही."

आता बायकोनं बेलचं सांगितलं तेव्हा जावयाला ते वाक्य आठवलं. भिंतीवर खिळ्याला सासऱ्यांचा वेल्डिंगचा मुखवटा टांगलेला होता आणि त्याची काळी काच थेट त्याच्याकडे बघत होती. त्यानं बायकोला घरात पाठवून बटण दाबलं. ठिणगी उडाली, घरात बेल वाजली. बटण सोडलं, बेल थांबली. जोडाला हवा लागू नये म्हणून मशीन सोडतं तो गॅस मात्र आणखी काही क्षण 'श्श्श' करत राहिला, कुणीतरी ओठांवर बोट ठेवून गप्प करावं तसा.

त्यानं दुकानदाराला फोन लावला. "हो, होतं तसं," दुकानदार म्हणाला. "त्या ठिणगीनं जवळच्या वायरी जाग्या होतात. माझ्या एका गिऱ्हाइकाचा टीव्ही आपोआप लागतो."

बेलची वायर याच भिंतीवरून गेलेली होती. जावयाचा हात अजून बसला नव्हता, पहिल्या दोन ठिणग्या वाया जायच्या, तिसऱ्यांदा बटण दाबून धरलं की जमायचं. आणि ऑफिसातून येऊन कामाला बसेपर्यंत पाच वाजायचे; रविवारीही त्यानं तीच वेळ धरली होती. भूत कसलं, आपणच ते.

"आईंना सांगून टाकू," तो बायकोला म्हणाला.

"आई हल्ली पोटभर जेवते," बायको हळूच म्हणाली. "आठ महिन्यांत पहिल्यांदा."

तरी त्यानं दोन दिवस मशीन बंद ठेवलं. बेल वाजली नाही. सासूबाई खोलीतून बाहेर आल्या नाहीत, आणि झाकून ठेवलेलं ताट दोन्ही दिवस तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी जावई ऑफिसातून आला तो बूटही न काढता गॅरेजात शिरला.

मग रोज पाचला काहीतरी जोडणं आलं. बाकाचा चौथा पाय त्यानं तीनदा जोडला आणि तीनदा कापला, कारण बाक पुरा झाला असता तर शटर पाडून बसायला निमित्तच उरलं नसतं. भंगारातले तुकडे संपले. मग टॉवेलची दांडी गेली, साबणाची जाळी गेली.

"चिमटा कुठाय रे?" एका रविवारी बायकोनं विचारलं.

"गॅरेजात."

"आणि झारा?"

"त्यालाच जोडलाय."

बायकोनं कपाळाला हात लावला. आतून कपांचा आवाज येत होता. दोनच कप. सासूबाई उघड्या दाराशी कान देऊन उभ्या राहायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "आज हात बरा आहे." कुणाचा, हे विचारायची दोघांची छाती होत नव्हती. आपण एका म्हाताऱ्या बाईला फसवतोय या विचारानं जावयाला झोप लागेना. पण सांगावं, तर ती पुन्हा खोलीत जाऊन बसेल याची त्याला खरोखरच भीती वाटत होती.

गुरुवारी शटरवर टकटक झाली. जावयानं शटर उचललं. दोन हातांत दोन कप घेऊन सासूबाई उभ्या होत्या.

"टोक घासत जा आधी," त्या म्हणाल्या. "भोथरं झालं की ठिणगी दोनदा वाया जाते. यांच्या पहिल्या मशीननंही बेल अशीच वाजायची."

"म्हणजे... आई, तुम्हाला माहीत होतं?"

"वेल्डरची बायको आहे मी."

"मग रोज दार कुणासाठी उघडत होतात?"

"तुमच्यासाठी. शटर पाडून बसता, त्या गॅसनं माणूस बसल्या जागी गुंगतो. दार उघडं असलं की बैठकीतल्या झरोक्यातून गॅरेजात हवा खेळते. आणि तुमचा चहा तर रोज गार होतो. म्हटलं, चोरून शिकताहेत, लाज वाटत असेल, येतील आपणहून." त्यांनी गॅरेजभर नजर फिरवली. "आठ महिने इथून काहीच आवाज नव्हता. ती शांतता सहन होत नव्हती मला."

जावयाचे डोळे भरून आले. सासूबाईंनी वाकून सॉकेटमधून मशीनची पिन काढून हातात घेतली आणि त्या तीन पायांच्या बाकावर जपून टेकल्या. तोही शेजारी बसला. चहा गरम होता.

तेवढ्यात बेल वाजली. दोनदा तुटक, मग एकदा लांब.

कामाच्या दिवशी बायको सातच्या आत कधी घरी येत नव्हती. आत्ता साडेपाच झाले होते. जावयानं सासूबाईंच्या हातातल्या पिनकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं.

"जा, उघडा," त्या शांतपणे उठत म्हणाल्या. "मी आणखी एक कप ठेवते."