ओसायोची समाधी

दिग्दर्शक मुनाकाता सकाळी टेकडीवर पोचले, तेव्हा त्यांच्या माणसांनी खपून उजाड केलेली ओसायोची समाधी कोणीतरी लख्ख धुऊन ठेवली होती. गवत उपटलेले, बांबूच्या नळीत ताजी फुले, उदबत्ती आणि द्रोणात गोड पुरणात घोळवलेले भाताचे गोळे.

"हाबु, हे कुणी केलं?"

"गावातल्या तोकु आजींनी, साहेब," सहायक हाबु म्हणाला. "पितरांचा आठवडा आहे ना. म्हणाल्या, तरण्या पोरीची समाधी, आणि एवढं रान माजलेलं, बघवलं नाही."

"अरे, ती खोक्याच्या फळ्यांची आहे."

"सांगितलं मी. तर म्हणाल्या, गरिबाघरची असेल."

चित्रपटाचा शेवट एवढाच होता: नायक खूप वर्षांनी गावी परततो आणि पहिल्या प्रेमाची, ओसायोची, ओसाड समाधी पाहून रडतो. पण नायक शिन्पेईला काही केल्या रडू येत नव्हते. कांदाही चोळून झाला होता. आज उजेड आहे तोवर जमले नाही, तर कंपनी हा शेवटच कापणार होती.

हाबुने फुले उचलली, तोच आजी मंदिरातल्या भिक्षूंना घेऊन आल्या.

"हात लावू नका," भिक्षू म्हणाले. "पहाटे मंत्र म्हणून झालेत. हलवायची तर पुन्हा विधी, आणि मला आज घरोघर जायचंय."

"आहे तशीच घ्या," मुनाकाता थकून म्हणाले.

कॅमेरा सुरू झाला. शिन्पेई कोरड्या डोळ्यांनी गुडघ्यांवर बसला. बाजूला बसलेल्या आजी उठून थेट त्याच्यासमोर गेल्या.

"तूच का तो?"

शिन्पेई गोंधळला. "हो... म्हणजे, लहानपणी आम्ही दोघं..."

"आणि आत्ता आलास? वाटेकडं डोळे लावून बसली असेल रे ती. दोन ओळी खरडायला हात मोडले होते?"

शिन्पेई असा रडला, की दिवे धरणारेही नाक पुसू लागले.

"साहेब, आजी चित्रात आल्यात," हाबु कुजबुजला.

"येऊ देत. थांबवलंस तर बघ."

रीळ संपेपर्यंत कॅमेरा चालला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मुनाकातांनी आजींना कमरेत वाकून नमस्कार केला. शेवट वाचला होता.

एवढ्यात ओसायोचे काम करणारी मियोको भाजलेले रताळे खात टेकडी चढून आली.

"आजी, ही बघा ओसायो," हाबु म्हणाला.

आजींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"धडधाकट आहेस की. मग इथं रताळं काय खातेस? जा, गप्प कर त्याला. अजून रडतोय."