शेजारच्या खिळ्यावरची महाराणी

संग्रहालयाच्या एका भिंतीला ओल आली, म्हणून साहेबांनी महाराणीचं तैलचित्र उतरवून सम्राटाच्या शेजारच्या खिळ्यावर टांगायला लावलं. दोघांच्या साम्राज्यांमध्ये सहा महिन्यांचा समुद्रप्रवास होता. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसावं. पण बघणाऱ्यांना त्याचं काय? शेजारी दिसले की नवरा-बायको! एका आजींनी विचारलंच, "यांचं लग्न कधी झालं?"

"झालं नाही," गाइड म्हणाला. आजींचा चेहरा पडलेला त्याला बघवेना. "पण झालं असतं तर!"

तिथून त्याची गाडी जी सुटली! झालं असतं तर दोन्ही साम्राज्यं एक झाली असती, तीस वर्षांचं युद्ध टळलं असतं, महाराणीनं वाळवंटात कालवे आणले असते आणि सम्राट म्हातारपणी पोहायला शिकला असता. नवी जोडपी हात धरून ऐकायला येऊ लागली. भिंत केव्हाच वाळली, पण महाराणीला परत न्यायचं नाव कुणी काढेना.

हे सगळं तिकीटखिडकीवरच्या बाईंना रोज ऐकू यायचं. बाई म्हणजे गाइडची बायको. माहेर समुद्रकाठचं, संसार बावीस वर्षांचा. घराला किल्ली एकच, त्यामुळे सकाळी "किल्ली घेतलीस ना?" एवढं बोलणं व्हायचं. संध्याकाळी दोन साम्राज्यं जोडून आलेला हा गृहस्थ पेपरामागे गडप. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

ऐन सुट्टीच्या दिवसांत गाइडचा घसा बसला. दारात दोन बसगाड्या उभ्या. साहेब धावतच खिडकीशी आले.

"बाई, तुम्ही रोज ऐकता. आजच्या दिवस सांगा."

"मला नाही हो त्यांच्यासारखं जमायचं."

"जमेल तसं सांगा!"

बाईंनी जमेल तसं सांगितलं. "लग्न झालं असतं. पहिलं वर्ष कौतुकात गेलं असतं. महाराणी समुद्र सोडून आली असती आणि सम्राटानं एकदाही विचारलं नसतं, की तुला इथं करमतं का? नाणं एक, झेंडा एक, जेवायच्या वेळा दोन. दरबारात तासतास बोलणारा माणूस महालात आला, की नकाशा तोंडापुढे धरून बसला असता."

लोक पोट धरून हसले. बायका जरा जास्तच.

गाइडचा घसा बरा होईपर्यंत साहेबांनी अदलाबदल करूनही टाकली होती. आता गाइड खिडकीत आणि बाई चित्रांपुढे. भिंतीपलीकडून त्याला हशा ऐकू यायचा. शेवटी मात्र बाईंचा आवाज खाली जायचा आणि हशाही थांबायचा. ते काही त्याला सहन होईना.

एका संध्याकाळी त्याने पेपर खाली ठेवला. "अगं, ती महाराणी शेवटी करते काय?"

बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "तिकीट काढून ऐका."

दुसऱ्या दिवशी त्याने खिडकी लावली, स्वतःच स्वतःला तिकीट फाडून दिलं आणि दालनात मागे जाऊन उभा राहिला. बाईंना तो दिसला. त्या जरा अडखळल्या.

"बाविसाव्या वर्षी महाराणीनं पेटी भरली असती. मग सम्राट पहिल्यांदाच तिच्यासमोर येऊन उभा राहिला असता."

"आणि काय म्हणाला असता?" पुढच्या एका नव्या नवरीने विचारलं.

बाईंनी मागे पाहिलं. सगळ्यांनीच वळून पाहिलं. गाइडने तोंड उघडलं. घसा ठणठणीत होता, शब्द तेवढे सापडेनात. जे जिभेवर होतं तेच बाहेर पडलं.

"किल्ली घेतलीस ना?"

दालन हशाने दणाणून गेलं. बाई हसल्या नाहीत. गर्दीतून मागे आल्या, पर्समधली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि दाराबाहेर गेल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"वा!" साहेब खूश. "उद्यापासून रोज असंच करा दोघं!"

दुसऱ्या दिवशी मात्र चित्रांपुढे कुणीच नव्हतं.

"बाई कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"माहेरी गेली."

"अहो, पण येणार कधी?"

गाइडने खिशातली किल्ली चाचपली.

"ते विचारायचं राहिलं."