घरात पळणारा मोरीसान

इथे जपानात जमीन हलली की आमच्या इमारतीतली सगळी भारतीय मंडळी चपला विसरून खाली पळतात. समोरच्या मोरीसानचं उलटं. अंगणात झाडांना पाणी घालत असला तर झारी टाकून घरात पळतो! त्या मोठ्या भूकंपानंतर धक्के थांबेचनात. तेव्हा हे इतक्यांदा पाहिलं की माझी खात्रीच पटली, म्हातारा चक्रम आहे.

घरही तसलंच. विलायतेतल्या शेतकऱ्याचं जुनं घर कधीतरी पाहून आला आणि इथे आमच्या एदोगावा भागात तस्संच उभं केलं. काळे ओकचे खांब, तिरपे टेकू, मध्ये पांढरा गिलावा, वरचा मजला हातभर पुढे झुकलेला. खिळा औषधालाही नाही. सगळ्या लाकडी खुंट्या, त्याही बोटभर बाहेर डोकावणाऱ्या.

मी चौथी नापास, पण ऐकून घेणारा नाही. म्हटलं, “आम्ही साहेबाला हाकललं आणि तू त्याचं घर आणून बसवलंस?”

मी मराठीत, तो जपानीत, मध्ये माझी सून मानसी. तिने काय सांगितलं कोण जाणे, मोरीसान खूश होऊन कमरेत वाकला. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून माझ्यासमोर हलवू लागला.

“बाबा, ते म्हणतात, लाकडं अशी डोलतात, पण एकमेकांना सोडत नाहीत.”

“दाइजोबु!” मोरीसान म्हणाला. म्हणजे, काळजी नको. हाच शब्द दर धक्क्याला त्याच्या घरातून ऐकू यायचा. मला वाटायचं, खांबांची समजूत काढतोय.

एका दुपारी जोराचा धक्का आला. झारी पडली, मोरीसान आत. माझं डोकंच फिरलं.

“आज याला बखोटीला धरून बाहेर काढतो!”

“बाबा, थांबा!” मानसी ओरडली. मी कुठला थांबतोय!

आत सगळं घर कुरकुरत होतं. आवाज वरून येत होता. जिना चढलो.

खिडकीशी पलंग, त्यावर मूठभर पांढऱ्या केसांची त्याची बायको. उठता न येणारी. मोरीसान गुडघ्यांवर बसलेला. एक हात खांबावर, दुसऱ्या हाताची बोटं तिच्या बोटांत गुंतवलेली. तोच सांधा. “दाइजोबु, दाइजोबु.”

मानसी धापा टाकत वर आली. त्याच्याशी हळू आवाजात बोलली. मग मला म्हणाली, “मोठ्या भूकंपाच्या वेळी मोरीसान लांब, शहरात होते, बाबा. गाड्या बंद. चालत घरी पोचेपर्यंत काकू इथे एकट्याच होत्या.”

मी पलीकडचा खांब धरून खाली बसलो. “दाइजोबु, वहिनी,” म्हटलं.

हल्ली जमीन हलली की मीही रस्ता ओलांडून तिकडे पळतो. इमारतीतले म्हणतात, चक्रम म्हातारे दोन झाले. म्हणू देत. पलीकडचा खांबही कुणीतरी धरायला हवाच.