सोळा ओळींच्या तोतयाचा बंदोबस्त

सूज्ञ वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, मोहिमेच्या प्रारंभी सरकारात जे होते त्याची मोजदाद प्रथम लिहितो. जेवणाचे टेबल एक, खुर्च्या तीन, पैकी एक डुगडुगती, संगणक दोन, ब्रेल छापणारे यंत्र एक, खटखटाटाने शेजाऱ्यांची झोपमोड करणारे, कोडच्या ओळी एकेचाळीस हजार, आत येण्याची वाट पाहत पडलेल्या दुरुस्त्या त्रेसष्ट, सरदार तीन, पगार कोणासही नाही.

सरदारांत ताईसाहेब, ज्या दिवसा प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपाशीत आणि फावल्या वेळी राज्य राखीत. त्यांचे यजमान दाजीसाहेब, बँकेतील संगणकांचे कारभारी. आणि ताईसाहेबांचे धाकटे बंधू मास्तर, स्वतः दृष्टिहीन, अंधशाळेत गणित शिकवीत, आणि राज्याचे मूळ संस्थापक तेच. राज्य म्हणजे एक सॉफ्टवेअर, साधा मजकूर घेऊन बोटांनी वाचायच्या टिंबांत छापून देणारे. ते ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांस खुला, कोणीही न्यावा आणि सुधारावा, शर्त एकच की मूळ कर्त्याचे नाव पुसू नये. आणि दस्तूर ऐसा की जो दुरुस्ती धाडील त्याने ती मास्तरांस फोनवर मोठ्याने वाचून दाखवावी. मास्तरांचा संगणकही त्यांस कोड वाचून दाखवी, परंतु संगणकास उलट प्रश्न पुसता येत नसत, म्हणोन हा दस्तूर.

तों दूरच्या एका कंपनीत फर्मान सुटले की जो नोकर चाळीस ओपन सोर्स सॉफ्टवेअरांस दुरुस्त्या धाडील त्यास टी-शर्ट बहाल होईल. तेथील एक तरुण इंजिनिअर, ज्यास मित्रमंडळी झपाट्या म्हणत, टी-शर्टासाठी कमर कसून उठला, आणि कृत्रिम बुद्धीचे यंत्र दिमतीस घेतले, आणि मग यंत्राने लिहावे, याने न वाचता धाडावे, ऐसे करून चाळीस राज्यांवर एकाच दुपारी चाल केली. त्यांतील सोळा ओळींची एक दुरुस्ती या राज्याच्या वेशीवर दाखल जाहली. सोबतचे पत्र बहुत नम्र आणि मुद्देसूद, कोड सुटसुटीत करितो म्हणणारे.

त्या समयी ताईसाहेब कामावर, मास्तर वर्गात. दाजीसाहेब त्रेसष्टांच्या ढिगाकडे पाहून आधीच हतबल. त्यांनी दस्तूर गुंडाळून ठेविला, संगणकाने आपोआप घेतलेल्या कोडच्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, दिसताच दरवाजा उघडिला आणि झपाट्यास आभारपत्र रवाना केले. नापास करू पाहणारी एक चाचणी यंत्राने अडथळा समजून परस्पर उडविली होती, हे त्यांचे ध्यानी आले नाही.

मग दुसरे दिवशी मास्तर प्रश्नपत्रिका छापावयास ताईसाहेबांचे घरी आले. परीक्षा वार्षिक, पेपर उद्यावर, बावीस मुले. पहिले पान बोटांखाली घेतले आणि चेहरा उतरला. ब्रेलमध्ये आकडा आणि अक्षर यांची टिंबे तीच असतात, आधी अंकाची खूण आली तरच आकडा. आणि दशांशचिन्ह येताच सॉफ्टवेअर ती खूण विसरत होते, म्हणोन पुढील पाचाचा ए होत होता.

"दाजी," मास्तर म्हणाले, "ताशी तीन टिंब ए किलोमीटर चालणारा माणूस शाळेत किती वाजता पोचेल?"

"अहो, आत घेण्याआधी वाचलं तरी होतंत का?" ताईसाहेबांनी पुसिले.

"चाळलं होतं."

"चाळायला ते काय पीठ आहे?"

ताईसाहेबांचा हुकूम जाहला की सोळा ओळी तत्क्षणी हद्दपार कराव्या. दाजीसाहेबांनी अर्ज केला की कामास हात कमी आहेत, पोर गुणी दिसते, एक संधी द्यावी. तेव्हां झपाट्यास फोनवर हजर करविले. त्याने आपल्या यंत्रास चूक कळविली, यंत्राने "आपण अगदी अचूक ओळखलंत" ऐसी माफी मागून नव्या सोळा ओळी दिल्या, आणि त्यांनी दशांशचिन्हच नाहीसे करून साडेतीनाचे पस्तीस केले.

"राहू दे," मास्तर म्हणाले, "कालच्याच ओळी वाच बघू."

झपाट्या वाचू लागला, आणि चौथ्या ओळीत तर्जनी, पाचव्यात मध्यमा, सहाव्यात अनामिका आली.

"ही नावं कशाची?"

"एक मिनिट हं सर." पलीकडे टकटक जाहली. "सर, हे म्हणतंय, अनामिका या मूळ लेखिका असाव्यात."

ताईसाहेबांस हसू आवरेना. मास्तर हसले नाहीत.

"ब्रेल टाइप करताना ही बोटं जिथे पडतात ना, त्यावरून मी टिंबांना नावं दिली होती. अशी नावं दुसरं कोण देणार? पहिल्या वर्षीचा माझा कोड आहे हा. दशांश चुकायचा म्हणून मीच काढून टाकला होता."

"सर, मी कॉपी नाही केलं, शपथ. यंत्रालाही माहीत नसतं कुठून येतं ते."

"मी फुकटच दिला होता रे. नाव तेवढं ठेवायचं होतं. आता चूक माझीच राहिली, नाव मात्र तुझं लागलं."

मग ताईसाहेबांनी मोर्चा घराकडे वळविला.

"आणि ते आभारपत्र? इतकं गोड तुम्ही मला लग्नाआधीसुद्धा लिहिलं नव्हतं."

"तेही यंत्राकडूनच लिहून घेतलं," दाजीसाहेबांनी कबुली दिली.

"म्हणजे यंत्राने पत्र लिहिलं, यंत्रानेच आभार मानले. मग तुम्ही दोघे काय करत होतात?"

यावर खलबत होऊन फर्मान निघाले: यंत्र घ्यावयाचे त्याने घ्यावे, परंतु घेतले ऐसे आधी सांगावे, कोड कोणाचा याचा तपास धाडणाऱ्याने करावा, जबाब यंत्रास विचारून दिल्यास दुरुस्ती परत जाईल. दाजीसाहेबांस सजा ऐसी की तुंबलेल्या त्रेसष्टांचे वाचन त्यांनी जातीने ऐकावे. मास्तरांनी सोळा ओळी काढिल्या, उडविलेली चाचणी पुन्हा जागी बसविली, आणि छपाईचा खटखटाट संध्याकाळपर्यंत चालिला.

ऐसी फत्ते होऊन दप्तरी नोंद केली ती येणेप्रमाणे. प्रश्नपत्रिका बावीस, प्रत्येकीत दशांशचिन्हे एकोणतीस, मास्तरांनी बोटांनी तपासता सर्व बरोबर. झपाट्याच्या चाळीस दुरुस्त्यांपैकी परत आली एक. इतर राज्यांत दाखल जाहल्या एकोणचाळीस.