हिराकाकींचा पाहुणा

बोईसरला सहाआसनी रिक्षात बसल्या की हिराकाकी शेजारच्याला आधीच बजावतात, "बाबा, जरा सरकून बस. आमी दोघं हाव."

तो बिचारा दुसऱ्याला शोधत राहतो. काकी उजव्या खांद्याकडे बोट दाखवतात. "ह्यो. पाहुणा हाय."

चिंचणीला आमच्या कुंपणापलीकडची चिकूवाडी काका गेल्यापासून काकी एकट्या सांभाळतात. मूलबाळ नाही, आणि मदत मागणं रक्तातच नाही. वर्षानुवर्षं झेल्यानं, म्हणजे लांब काठीच्या जाळीनं, चिकू उतरवून हिवाळ्यात खांद्यातला स्नायू हाडापासून तुटला. डॉक्टरांनी तो शिवला आणि वर एक ठिगळ लावलं. मरणोत्तर त्वचादान केलेल्या कुणाची तरी कातडी. तिच्यातल्या पेशी धुऊन काढलेल्या, नुसतं जाळं शिल्लक. "यात हळूहळू तुमच्याच पेशी राहायला येतील," डॉक्टर म्हणाले.

काकींनी विचारलं, "पण ती कोणाची?"

ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

झालं! व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं हात जरा ओढला की काकी डोळे वटारायच्या, "सावकाश गो, परक्याचा जिन्नस हाय." डासांची अगरबत्तीसुद्धा पाहुण्याला विचारून लागायची. गावभर मिरवणं तर विचारू नका. "मेल्यावरपन कामाला येतो, असा पाहुणा तुमच्याकडं हाय काय?" कुणाकडेच नव्हता.

हात मात्र कानाशी येऊन अडायचा. "वर नाय गेला तं वाडी ठेक्यानं द्यावी लागंल," एकदा त्या हळूच म्हणाल्या. तेव्हा मला हसू आलं नाही.

सर्वपित्रीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. ओटीवर दोन पानं मांडलेली. एक काकांचं. दुसऱ्याकडे मी बघतच राहिलो.

"त्याचं," काकी म्हणाल्या. "बाई का बाप्या, ठाव नाय. मरणाची तिथ ठाव नाय. म्हंजे आजचाच दिस."

"त्याच्या घरचे ठेवतील की, काकी."

"आन घरी कोन नसला तं? मला कोन हाय?"

काकांचा घास डाव्या हातानं पडवीच्या कौलांवर ठेवून झाला. दुसरं पान त्यांनी उजव्या हातात घेतलं. मी पुढे झालो, तर म्हणाल्या, "सर तिकडं." हात कानाशी आला, थांबला आणि वर गेला. पार कौलांपर्यंत. माझा ऊर अभिमानानं भरून आला.

काकींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. कौलांकडे बघत त्या हलकेच म्हणाल्या, "जेव बाबा. माझ्या घरात राबतोस, उपाशी नको राहू."