बिनकिल्लीच्या गाडीची किल्ली

समाज किती पुढे गेला आहे, हे त्याचं एक कुलूप उघडायला किती माणसं लागतात यावरून ठरतं. मागासलेल्या काळात एक माणूस आणि एक किल्ली एवढ्यावर भागत असे. आमच्या गाडीचं दार उघडायला गेल्या आठवड्यात पाच मोठी माणसं, एक लहान मूल, एक ग्राहक सेवा केंद्र आणि पूर्ण तीन दिवस लागले. आम्ही कुठवर पोचलो आहोत याची कल्पना यावरून यावी.

आमची गाडी बिनकिल्लीची आहे. म्हणजे तिला किल्ली लागत नाही, फक्त किल्ली जवळ असावी लागते. खिशात किंवा पर्समध्ये ती साबणाच्या वडीएवढी वस्तू असली की दार आपोआप उघडतं. "गाडी तुम्हाला ओळखते, मॅडम," असं विक्रेत्याने सांगितलं होतं. हे तंतोतंत खरं नाही. गाडी किल्लीला ओळखते. माणूस हे गाडीच्या दृष्टीने किल्लीचं वेष्टन आहे.

दोन वर्षांपूर्वी मी आई झाले आणि तेव्हापासून मी धोक्यांविषयीचे लेख वाचते. (बटण-सेल, खिडकीच्या पडद्याची दोरी, सोललेली द्राक्षं, न सोललेली द्राक्षं.) अशाच एका लेखात वाचलं की चोर घराच्या दाराशी एक यंत्र धरून उभे राहतात, आत ठेवलेल्या किल्लीचा संदेश पकडतात आणि गाडी घेऊन जातात. उपायही तिथेच दिला होता: किल्ली घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी, म्हणजे संदेश बाहेर पडत नाही. आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचे चौतीस डबे आहेत. इतके सुरक्षित आपण आहोत हे मला तोवर माहीतच नव्हतं.

आम्ही रीतसर चाचणी घेतली. नवरा डबा हातात धरून गाडीच्या दाराशी तीनदा उभा राहिला. गाडीने त्याला तिन्ही वेळा ओळखलं नाही. त्याला ओळखलं गेलं नाही याचा मला एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

पण एकच डबा कायम वापरणं म्हणजे एकच पासवर्ड कायम वापरण्यासारखं. म्हणून मी दर सोमवारी डबा बदलायचं ठरवलं, किल्ली पिशवीत बांधून तळाशी, वर धान्य. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उद्या पोळ्या करताना कणकेत सापडायची." त्यांना सुरक्षिततेची समज नाही. त्यांच्या काळी काही चोरण्यासारखं नसे. त्यांना काही सांगायचं नाही असंही मी तेव्हाच ठरवलं, कारण गुपित जितक्या कमी माणसांना माहीत तितकं चांगलं. दोन वर्षं सलग झोप न झाल्यामुळे ते मलाही फार वेळ माहीत राहत नसे, हा व्यवस्थेचा जादाचा फायदा.

म्हणून मी कोणत्या आठवड्याला कोणता डबा याचा एक तक्ता केला. तक्ता घरात ठेवणं धोक्याचं. तो गाडीच्या खणात ठेवला. त्याच खणात गाडीची नोंदणीची कागदपत्रं होती, माहितीपुस्तिका होती आणि दुसरी किल्ली होती. दुसरी किल्ली नवऱ्याने ठेवली होती, "गाडीची वस्तू गाडीत" म्हणून, आणि तिचा संदेश बाहेर जाऊ नये म्हणून मी ती अॅल्युमिनियमच्या कागदात सात वेळा गुंडाळून रबर लावलं होतं. नाहीतर आत किल्ली असताना ही गाडी लॉकच होत नाही. एवढी ती हुशार आहे. आम्ही तिच्याहून हुशार निघालो.

रविवारी डॉक्टरांकडून आलो. मुलगी खांद्यावर, पिशवी हातात, किल्ली नेहमीप्रमाणे त्या आठवड्याच्या डब्यात. सोमवारी डबा बदलायला गेले तर तो कोणता ते आठवेना. चौतीसपैकी जे समोर होते ते सगळे उपसले. किल्ली नव्हती.

एवढ्याने काही बिघडलं नसतं. आम्ही बसने जाऊ शकतो. पण मागच्या सीटवर, मुलीच्या खुर्चीत, पट्टा लावलेल्या अवस्थेत हत्तू राहिला होता. (पट्टा मीच लावला होता. तोही कुणाचा तरी जीव आहे.) हत्तू हा कापडी हत्ती असून त्याचा एक कान चोखून पातळ झालेला आहे. तो कान हातात असल्याशिवाय आमची मुलगी झोपत नाही. दुपारीही नाही.

पहिल्या दिवशी ती काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "हत्तू बंद." दुसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही, नुसती रडली. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला, त्यामुळे ती आवाज न करता रडत होती, आणि ते मला ऐकवत नव्हतं.

मी ग्राहक सेवा केंद्राला फोन केला. तिथल्या बाई अतिशय नम्र होत्या.

"काही काळजी करू नका. नवीन किल्ली करून मिळेल. गाडी घेऊन या."

"गाडी कशी आणू? किल्ली नाही."

"हो, म्हणूनच तर किल्ली करायची ना, मॅडम. येताना नोंदणीची मूळ कागदपत्रं आणा."

"ती गाडीत आहेत."

"मग गाडी उघडून घ्या. तुमच्या किल्लीत एक आपत्कालीन किल्ली असते, छोटी, धातूची. किल्ली बंद पडली तर तिने दार उघडतं."

"पण किल्लीच हरवली असेल तर?"

"आपत्कालीन किल्ली हरवत नाही, मॅडम. ती किल्लीच्या आतच बसवलेली असते. पुस्तिकेत पान बासष्टवर चित्र आहे."

पुस्तिका कुठे आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याही मनाला काही वाटलं असतं.

"कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलाव की," सासूबाई तिसऱ्या दुपारी म्हणाल्या. "पोरगी सुकली."

किल्लीवाले काका आले. चष्म्याला दोरी, हातात रबराची छोटी पिशवी आणि लांब तार. "गाडी तुमचीच ना, ताई?" त्यांनी विचारलं. मी ओळखपत्र, विम्याची प्रत आणि गाडीसमोर काढलेला फोटो घेऊन तयारच होते. पण उत्तराची वाट न बघता त्यांनी पिशवी दाराच्या फटीत सरकवली, फुगवली, तार आत घातली. चार मिनिटं. अभियंत्यांनी या दाराच्या सुरक्षिततेवर किती वर्षं घालवली असतील या विचाराने मला भरून आलं.

दार उघडलं आणि भोंगा सुरू झाला.

भोंगा अकरा मिनिटं वाजला, कारण तो बंद करायला खणातली किल्ली हवी होती आणि तिच्यावरचं रबर निघेना. या अकरा मिनिटांची आकडेवारी मी काढून ठेवली आहे. गाडीवर उघडणाऱ्या खिडक्या: अठ्ठावीस. त्यांतून डोकावलेली माणसं: शून्य. आवाज नको म्हणून लावून घेतलेल्या खिडक्या: तीन. भर दुपारी एक अनोळखी माणूस तारेने गाडी उघडत होता, शेजारी एक बाई, तिच्या कडेवर तीन दिवस रडणारं मूल. माझ्या हातातलं ओळखपत्र बघायला कोणी आलं नाही. ती बाई मी नसते तरीही कोणी आलं नसतं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मुलीला जरा जास्तच घट्ट धरलं असावं, कारण ती कुरकुरली. मग तिने हत्तूचा कान पकडला आणि माझ्या खांद्यावर, त्या भोंग्यात, झोपून गेली.

खणातला तक्ता मी मग सावकाश वाचला. रविवारी संपलेला आठवडा: ओट्स.

"ओट्सचा डबा?" सासूबाई म्हणाल्या. "तो तर मी रविवारी तुझ्या नणंदेला दिला. ती आली होती ना, तू पोरीला अंघोळ घालत होतीस तेव्हा. इथे कोण खातंय ते?"

नणंदेला फोन लावला. "अय्या वहिनी, आमच्याकडे तरी कोण खातंय? ऑफिसातल्या मैत्रिणीला दिला. तब्येतीला चांगले असतात म्हणून."

मैत्रिणीने तो शेजारणीला दिला. शेजारणीने भिशीतल्या एकीला. पाचव्या घरापर्यंत मी माग काढला. तिथल्या बाई म्हणाल्या, "कोणाला तरी दिला बाई, आठवत नाही आता." डबा अजून कोणी उघडलेला नाही, कारण ओट्स घरात असणं पुरेसं असतं. याहून सुरक्षित व्यवस्था मला ठाऊक नाही.

हरवलेली किल्ली रद्द करता येते, असं सेवा केंद्राच्या नम्र बाईंनी कळवलं. त्यासाठी दोन्ही किल्ल्या घेऊन या म्हणाल्या. तेव्हा ती अजून चालू आहे.

म्हणून हे लिहिते आहे. अलीकडे तुम्हाला कोणी प्रेमाने एखादा स्टीलचा डबा दिला असेल, तर तळाशी हात घालून बघा. किल्ली सापडल्यास ती सोबत घेऊन आसपासच्या रस्त्यांवरून फिरा, जी गाडी तुम्हाला ओळखेल ती आमची. मागच्या सीटवर काही असेल तर तेवढं हलवू नका. भोंगा वाजलाच, तर घाबरू नका. कोणी बघायला येणार नाही. त्या दुपारी तुम्ही तरी कुठे आला होतात?